इद्रीसला नाकारलेली खोली

मी, प्रेमानंद गोपाळराव गजभिये, वय ७४, निवृत्त कापूस-कीटकशास्त्रज्ञ, राहणार नारा रोड, नागपूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी व स्मरणशक्ती शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. स्मरणशक्ती थोडी कमी शाबूत असती तर बरे झाले असते. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. बँकेतील ठेवी मुलगा प्रशिक व मुलगी नंदिनी यांनी निम्म्या-निम्म्या घ्याव्यात. रामटेकची धानाची बांधी चुलतभाऊ चंद्रभान यांना द्यावी. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधाच्या हद्दीवरून, आमचे बोलणे बंद आहे. भांडण मीच उकरले होते.

२. माझा सूक्ष्मदर्शक नंदिनी कळमेश्वरला शिकवते त्या शाळेला द्यावा.

३. निवृत्तीच्या वेळी मिळालेले ‘आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक सहकार्या’चे सन्मानचिन्ह भंगारात द्यावे. शोकसभेत माझ्या परदेशी मैत्रीबद्दल कोणी भाषण करू लागल्यास त्याला थांबवावे.

४. घर नंदिनीला. वरच्या खोलीबाबत मात्र लिहिणे भाग आहे.

१९९४ साली पांढऱ्या माशीवरच्या कामासाठी मी पाच महिने सुदानात, वद मदनी या गावी होतो. तिथला सहकारी डॉ. इद्रीस बशीर याने मला वसतिगृहातून उचलून आपल्या घरी नेले. आम्ही एकाच परातीत जेवलो. मला मलेरिया झाला तेव्हा त्याची आई नऊ दिवस उशाशी बसली. त्याच अंगणात मी त्याला माझ्या बाबांची हकिकत सांगितली: छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर ते शहरात खोली शोधत हिंडले, आडनाव सांगितले की दार बंद होई. इद्रीस बराच वेळ माझा हात धरून बसला होता.

१९९७ मध्ये तो सहा महिन्यांसाठी नागपूरला आला. माझी दिवंगत पत्नी कौसल्या हिने वरची खोली धुऊन, गादी घालून ठेवली होती. आदल्या दिवशी शेजारचे गिरिधरराव आमच्या फाटकाशी थांबून म्हणाले, “सर, हबशी ठेवता का घरात? पोरगी मोठी होऊन राहिली तुमची.” वस्तीतले लोक आमच्याकडे नुकतेच कुठे चहाला येऊ लागले होते. मी स्टेशनवर इद्रीसला सांगितले, खोलीचे बांधकाम चालू आहे.

कौसल्या म्हणाली, “काहून खोटं बोलले जी? तुमच्या बाबाले असंच सांगत होते नं लोक?”



इद्रीस सहा महिने गांधीबागेतल्या एका लॉजवर राहिला. निघण्यापूर्वी खजूर घेऊन निरोपाला आला. कौसल्येने जेवायला बसवले. हात धुवायला तो जिन्यावरच्या नळाशी गेला. खोलीचे दार उघडे होते. खाली येऊन म्हणाला, “खोलीत उजेड छान येतो.” एवढेच. मग त्याने आणखी एक भाकरी मागून घेतली.

दोन्ही संस्थांनी दरवर्षी एकेक तरुण शास्त्रज्ञ एकमेकांकडे पाठवावा, त्याने यजमानाच्या घरीच राहावे, असे आम्ही दोघांनी ठरवले होते. त्यासाठी त्याची पत्रे येत राहिली. उत्तर लिहायला बसलो की त्याचे ते उजेडाचे वाक्य कानात येई. तिसऱ्या पत्रानंतर मी लिहिणे सोडले आणि योजना तिथेच बारगळली. तरीही पुढे ते सन्मानचिन्ह मी मंचावर जाऊन घेतले, हसून फोटोही काढला.

गेल्या ऑगस्टमध्ये त्याची मुलगी अमल हिचा कैरोहून ईमेल आला. सुदानातल्या युद्धात सगळे कुटुंब घर सोडून निघाले. सीमा गाठण्याआधीच इद्रीस वाटेत वारला. अमलही कीटकशास्त्रज्ञ आहे, तिला नागपूरला काम करायचे आहे. ‘बाबा म्हणायचे, नागपुरात आपलं एक घर आहे,’ असे तिने लिहिले होते.

मी तिला फोनवर सर्व खरे सांगितले.  मग “नंतर बोलते” म्हणून तिने फोन ठेवला. त्याला पाच महिने झाले.

५. सबब, वरची खोली भाड्याने देऊ नये. कामासाठी नागपूरला येणाऱ्या कोणत्याही देशाच्या संशोधकाला ती विनामूल्य द्यावी. वकील म्हणतात, अशी अट टिकेलच असे नाही. प्रशिक म्हणाला, “बाबा, आता कोन येते? सगळे हॉटेलातच राहून राहिले.” म्हणून नंदिनी, ही अट नव्हे, विनंती समज.

६. अमल आलीच, तर नंदिनीने स्वतः तिला घ्यायला जावे. माझी बाजू मांडू नये. तिने लॉज पसंत केला तर तिचे सामान तिथवर पोचवून द्यावे, आणि जेवायला बोलावलेले चालेल का, हे आधी तिलाच विचारावे.

प्रेमानंद गो. गजभिये (सही)

वरील सही आम्हा दोघांसमोर झाली व आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या.
साक्षीदार: १) सुशील ढोके (सही)  २) श्वेता पखाले (सही)

नागपूर, १८ जानेवारी २०२६