नगाऱ्याला देवळात जागा मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक पाळकसाहेब,
ख्रिस्ती मंडळ्यांचे कार्यालय, यवतमाळ

अर्जदार : रुपीबाई खेमसिंग, वय १८, रा. तांडा, दिग्रसजवळ

विषय : नगाऱ्यास व त्याच्यापायी बाहेर पडलेल्या तरुण मंडळीस देवळात जागा मिळणेबाबत.
संदर्भ : आमच्या चर्चचे पंच श्री. किसनसिंग यांचा कालच्या रविवारचा तोंडी हुकूम.

महोदय,

अर्जदार सविनय कळविते की, तांड्यावरच्या मुलामुलींनी यंदा नाताळसाठी गोरबोलीत, म्हणजे आम्हा बंजाऱ्यांच्या बोलीत, गीत बांधले. गव्हाणीतल्या बाळाला गोरमाटी आईने थोपटावे तसे ते आहे, आणि नगाऱ्याशिवाय ते पाऊल उचलत नाही. अर्जदाराचा भाऊ देवसिंग नगारा घेऊन आला, तर पंचांनी दारातच हटकले, "हा होळीचा नगारा हाये. देवळात कायले आनता?"

सबब नगारा बाहेर राहिला. नगारा बाहेर म्हणून देवसिंग बाहेर. ताल ऐकू येईना म्हणून मुली बाहेर. आणि मुली बाहेर गेल्यावर मुलगे आत कितीसे थांबणार, हे साहेबांनीच समजून घ्यावे. आता आत पेटी, पंच, चार म्हातारी माणसे आणि मोकळी सतरंजी.

दवाने नगाऱ्याचे कातडे सैल पडते, म्हणून कडुनिंबाखाली शेकोटी करणे भाग पडले. काल तिचा धूर खिडकीतून गेला व भर उपदेशात पंचांना ठसका लागला. त्यावर हुकूम झाला, "भिंतीबाहेरचे ते मंडळीबाहेरचे. नाताळाले प्रभुभोजन भेटनार नाही!"

अर्जदार यंदा पहिल्यांदाच प्रभुभोजनाला बसून भाकर व द्राक्षरस घेणार होती. होळीला गेली की तांडा म्हणतो, "तू तं चर्चवाली, जाय तिकडं." चर्चमध्ये आली की तांड्याची ठरते. प्रभूने हाक मारली ती तिला गोरबोलीतच ऐकू आली. दुसऱ्या बोलीत तिला धड रडताही येत नाही.

हुकूम ऐकताच पंचांच्या आई बिजलीबाई आतून उठल्या आणि शेकोटीजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "किसन्या, हाच नगारा वाजवू वाजवू तू फोडला होता नं रे?" मग गीत सुरू झाल्यावर पंचांचा उजवा पाय ताल धरताना खिडकीतून सर्वांना दिसला. हे तक्रार म्हणून नव्हे, पुरावा म्हणून लिहिले आहे.

तरी नाताळाला नगारा आत घ्यावा. नियमात बसत नसल्यास पंचांनी पेटी घेऊन बाहेर यावे. आईशेजारी त्यांची जागा धरून ठेवली आहे.

आपली नम्र, तूर्त दाराबाहेरची,
रुपीबाई खेमसिंग
दि. १० डिसेंबर १९६२

सोबत : नगारा, एक. टपालात मावत नसल्याने नाताळच्या सकाळी शेकून, ताणून उंबऱ्यापाशी हजर ठेवण्यात येईल.