आर्डिथ गेली, साल १९८८

टॅबर काउंटी, नेब्रास्का
९ एप्रिल २०२५

प्रिय आर्डी,

तुझं कार्ड शुक्रवारी आलं. मी बरी आहे, गुडघे सोडून. तिकडे ओरेगॉनात तुम्हीही सगळे बरे असाल. नात हुशार निघालेली दिसते.

इकडे तीन दिवस वारा सुटलाय. दोरीवर टाकलेली चादर घटकेत वाळते आणि तेवढ्यात मातकटही होते. शेजारच्या स्कोकानांनी शेत ठेवलं पण घर पाडलं, आता मक्याच्या रांगा थेट रस्त्याला भिडतात. लोमनिस गावची शाळा बंद झाली. अख्ख्या काउंटीत आपण दोन हजारही उरलो नाही. जमिनीवरच्यांपेक्षा जमिनीखालचे जास्त झालेत, आणि ते मीच मोजलेत म्हणून खात्रीनं सांगते.

मोजण्यावरच आले, तर आता टाळत नाही. तू विचारलंस, "इंटरनेटवर नातीला सापडलं की मी १९८८ साली मेले. हे कुणी लिहिलं? मे महिन्यात यावं म्हणत होते, पण मेलेल्या बाईला दार कोण उघडणार?" एवढ्याशा कार्डाला उत्तर द्यायला मला पाच दिवस लागले.

मी लिहिलं, आर्डी.

१९९४ साली इथल्या इतिहास मंडळानं दफनभूमींचं पुस्तक काढायचं ठरवलं. काउंटीत एकेचाळीस दफनभूमी, त्यातल्या तेवीस माझ्याकडे आल्या. वही, झाडणी आणि पिठाची पिशवी घेऊन मी दोन उन्हाळे हिंडले. झिजलेल्या दगडावर पीठ चोळून पुसलं की अक्षरं उमटतात. असं करत करत टेकडीवरच्या आपल्या दफनभूमीत आले. ड्वेन ट्रॅक्टरखाली सापडून गेला तेव्हा त्याच्या आईनं तुम्हा नवराबायकोची नावं एकाच दगडावर कोरून घेतली होती, तुला न विचारता. तुझं नाव, १९४६, आडवी रेघ आणि पुढे कोरं. पीठ चोळायची गरजच नव्हती. मी वहीत रेघेपुढे १९८८ लिहिलं. तुझा रॉस मधमाश्यांच्या पेट्या ट्रकवर घालून पश्चिमेला निघाला आणि तू त्याच्या शेजारी चढून बसलीस, ते साल.

पुस्तक छापून आल्यावर लोकांनी चेष्टा केली. "व्हर्ला, बहीण वारली आणि आम्हाला साधं जेवायलाही बोलावलं नाहीस?" मी म्हणाले, छपाईची चूक. पुढे कुणीतरी ते पुस्तक जसंच्या तसं इंटरनेटवर चढवलं.

यंदा त्याची दुसरी आवृत्ती निघणार होती. तुझं कार्ड आल्यावर काल ग्रंथालयाच्या तळघरातल्या बैठकीत मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. लुमिर हेडबाव्हनी कोलाचे पावाचा गोड घास गिळून विचारलं, "एवढंच? आम्हाला वाटलं तब्येतीचं काही सांगतेस."

"तुला ठाऊक होतं?"

"अगं, छपाईवाल्याचं तुझ्या बहिणीशी काय वाकडं होतं, की पाच हजार माणसांत तो नेमका तिलाच मारेल?"

सगळे हसले. हसली नाही ती डार्ला. ती नव्यानं अध्यक्ष झालीय, कामाला चोख. ती म्हणाली, "व्हर्लाआजी, माफ करा, पण अशी आणखी किती सालं तुमच्या मनातली आहेत?" एकही नाही म्हणाले. पण तिनं का म्हणून मानावं? पुस्तक थांबलंय. तेवीसच्या तेवीस दफनभूमी पुन्हा तपासणार. मी त्यांच्याबरोबर हिंडेन म्हटलं, तर डार्ला म्हणाली, तुम्ही नकोच. तीस वर्षं काउंटीत कुणाचं काही अडलं की व्हर्लाला विचारा म्हणायचे. तेही संपलं. त्याचं मला फार वाईट वाटत नाही, दमलेय मी.

पण तळघरात मी अर्धंच सांगितलं. उरलेलं तुझ्याच हक्काचं आहे.

तू गेल्यावर आई रोज विचारायची, आर्डिथ कुठाय? सकाळी विचारायची, दुपारी विचारायची, मी तिचे पाय धुताना विचारायची. मला आर्डिथ म्हणून हाक मारायची आणि मी ओ द्यायचे. शेवटी शेवटी ती फक्त आपली चेक भाषा बोलत होती. एक दिवस मी इतकी थकले होते की म्हणाले, "आर्डिथ गेली, आई." आपल्या भाषेत गेली म्हणजे निघून गेली आणि गेली म्हणजे वारलीही.  आई म्हणाली, "माझा काळा रुमाल दे." मयताला डोक्याला बांधायचा तो, मी दिला. तेव्हाच सांगायचं होतं, तसं नाही गं. नाही सांगितलं, कारण तिनं विचारायचं थांबवलं आणि घरात शांतता झाली. दगडापाशी वही धरून उभी असतानाही मी स्वतःला हेच म्हणाले, गेलीच ना त्या साली.

१९९२मध्ये मरताना आईनं मागितलं, मला आर्डिथशेजारी ठेवा. तसंच ठेवलं. आपले बाबा खाली कुंपणाजवळ एकटे आहेत, आणि आई वर, तुझ्या रिकाम्या जागेला लागून. तेहतीस वर्षं ती तिथं आहे. आईच्या मातीचं तुला आठ दिवस उशिरा कळवलं ते यासाठी, की तू ते पाहू नयेस. टपाल उशिरा पोचलं असं मी लिहिलं होतं. टपाल वेळेवरच पोचलं होतं.

माफ कर म्हणायला जीभ रेटत नाही. म्हटलं तरी तुझं काय भरून निघणार?

मे अखेरीला, फुलं वाहायच्या दिवशी, येणार असलीस तर दक्षिणेकडून येऊ नकोस. ओढ्यावरचा पूल २०१९च्या पुरात वाहून गेला, काउंटीनं परत बांधला नाही. हायवेवर धान्याची उंच कोठारं दिसली की वळ, सहा मैल सरळ उत्तरेला. रस्त्यांना आता नावं नाहीत, आकडे आहेत. ७१४ची पाटी आली की डावीकडे, मग दफनभूमीचं फाटक. मी सकाळी नऊपासून फाटकाशी असेन. वरचा चढ मला आता हाताला धरून कुणी नेलं तरच चढवतो. दुपारपर्यंत तू आली नाहीस, तर खालूनच आईला जे खरं आहे ते सांगेन आणि घरी जाईन.

तू आली नाहीस तरी न रुसणारी,
व्हर्ला