भंगारातली बुटकी

४ फेब्रुवारी

चि. चिंगीस अनेक उ. आ. वि. वि.

अक्षर मोठं आलंय, कारण डोळ्यांचं तुला ठाऊकच आहे. समोरचं दिसतं, कडेचं गायब. नळीतून जग पाहतो म्हण. बसचं चाक हातातून गेल्यापासून एकट्याने जिनासुद्धा उतरलो नाही. काल मात्र तुझ्या आईचा हात धरून रद्दी घालायला गेलो, आणि मोडक्या पंख्यांच्या ढिगात एक मिनीबाइक दिसली. जुन्या काळची, दीड वीत चाकांची, जेमतेम माझ्या गुडघ्यापर्यंत येणारी. गंज एवढा की मूळ रंग कुठला, हे भंगारवाल्यालाही सांगता येईना. रद्दीच्या पैशात त्याने ती दिली आणि सुटलो बुवा म्हणून हात झटकले.

तुझ्या आईने वाटभर माझा हात जरा जास्तच घट्ट धरला. नवीन काही विकत आणणार नाही, असं वचन देऊन गाडी व्हरांड्यात घेतली आहे.

तू जेवणाची हयगय करू नकोस. माया आहे तशीच आहे, गंज फक्त गाडीला.

तुझे बाबा

११ फेब्रुवारी

चि. चिंगीस अ. उ. आ.

तुझ्या बाबांनी घराचं गॅरेज केलंय. माझं व्हिनेगर टाकीत, माझी कढई चेनखाली. गंज सुटावा म्हणून टाकीत मूठभर नट-बोल्ट घालून ते सकाळ-संध्याकाळ ती खुळखुळवतात. खालच्या मास्तरीणबाईंनी विचारलं, घरात तान्हं बाळ आहे का. मी सांगितलं, आहे, साठीचं.

मला धास्ती वेगळीच आहे. गाडी चालू झाली की हे तिच्यावर बसणार. तीस वर्षं बस चालवलेला माणूस ऐकतो का कुणाचं? आणि कडेने येणारी सायकल ह्यांना दिसायची नाही.

आणखी एक, बाबांना कळू देऊ नकोस. दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, माझ्याने चढ चढवत नसेल तर घरोघरच्या ड्रेसिंगचं काम सोडून मी स्टोअरमध्ये बसावं. घोटे सुजतात, खरं आहे. पण कापसाचे बोळे मोजत बसण्यापेक्षा लंगडत गेलेली बरी. माझे पेशंट माझी वाट बघतात गं.

जप स्वतःला. कधी पत्राला उशीर झाला तरी रागावू नकोस, कढई घासत असेन.

तुझी आई

२६ फेब्रुवारी

चि. चिंगीस अ. उ. आ. वि. वि.

प्रगती आहे. ओल्या चांदीच्या कागदाने हँडल घासलं, त्यात आता माझं नाक दिसतं. कार्ब्युरेटरमधून मुंग्यांचं वारूळ निघालं. रंग खिडकीच्या गजांचा उरलेला हिरवा. तो पुरला नाही म्हणून मागचा मडगार्ड न्हाणीघराच्या दाराचा गुलाबी. गाडी पोपटासारखी दिसते, पण पोपटाला कुणी नावं ठेवत नाही.

आता गुपित. गाडी माझ्यासाठी नाही. मी बसलो तर गुडघे कानाला लागतात. तुझी आई रोज रात्री पाय मिठाच्या पाण्यात सोडून बसते आणि मला सांगते, गंमत वाटते म्हणून. मला कडेचं दिसत नाही, पण तिचे पाय समोरच असतात ना! गाडी तिच्या उंचीला बेताची आहे, सीटही तिच्याच जुन्या रेनकोटातून शिवली आहे. गाडी सुरू होईपर्यंत तिला काही बोलू नकोस. फसली तर बोलणी मला एकट्याला खाऊ दे.

घोडं एका जागी अडलंय. घासूनपुसून खिडकीत ठेवलेला स्पार्क प्लग नाहीसा झाला. आईला विचारलं तर म्हणते, कावळ्याने नेला असेल. तुमच्या गल्लीत जुना मिळतो का बघ. लोभ असू दे, आणि प्लग लोभाच्या आधी पाठव.

तुझे बाबा

२८ फेब्रुवारी

चि. चिंगीस अ. उ. आ.

प्लग माझ्याकडे आहे. बॅगेत, कापसाच्या बरणीत. पाप लागो, पण माणूस धड राहू दे. त्यांनी मागितला तर पाठवू नकोस, तुला माझी शपथ.

आई

५ मार्च

ती. बाबा व ती. सौ. आई यांस सा. न. वि. वि.

हे पत्र दोघांनी शेजारी बसून वाचायचं. चष्मा शोधायच्या निमित्ताने कुणीही उठायचं नाही.

दोघांची गुपितं सांभाळून माझं पोट फुगलंय. बाबा, कावळा कापसाच्या बरणीत राहतो. आई, गाडी तुझ्यासाठी आहे. सीट कुठल्या कापडाची आहे ते हात लावून बघ. आणि स्टोअरचं तूच त्यांना सांग, मी नाही सांगणार. शपथ मोडली त्याबद्दल कान पकडते. यापुढे मला एकेकट्याने पत्र लिहाल तर तुमचंच पत्र दुसऱ्याला धाडीन.

दोघांचीही लाडकी राहू इच्छिणारी,
चिंगी

१९ मार्च

चि. चिंगीस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी आधी सीटला हात लावून बघितला. मग बरणी आणली आणि ह्यांच्यापुढे केली. ते म्हणाले, कावळा बरा दिसतो. मला हसू आवरेना, आणि मग रडूही.

शिकवणीबद्दल काय सांगू! तीस वर्षं प्रवाशांवर न ओरडलेला माणूस माझ्यावर ओरडला. गाडी सुरू कशी करायची ते नीट सांगितलं. थांबवायची कशी ते सांगेपर्यंत मी मास्तरीणबाईंच्या वाळत घातलेल्या चादरीत होते. पण आता जमतं. काल चढावरचे सगळे पेशंट केले. मोठ्या सिस्टरांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि स्टोअरचा विषय काढला नाही.

बाकी मजकूर तुझ्या बाबांचा. तुझी आठवण येते, रोज.

आई

माझा मजकूर असा. ही कामावर गेली की मी खिडकीत बसतो. आवाजावरून कळतं, आता औषधाचं दुकान, आता वळण. आज वळणाच्या अलीकडे आवाज बंद झाला. वाट पाहिली. पुन्हा सुरू होईना. मग कठडा धरून जिना कधी उतरलो, भिंतीच्या आधाराने कोपऱ्यावर कधी पोचलो, माझं मला कळलं नाही. ही मजेत उभी, भाजीवालीशी गप्पा मारत. पेट्रोल संपलं होतं. मला बघून तिने विचारलं, कुणाबरोबर आलात? मी सांगितलं, कुणाबरोबर नाही.

परत येताना ती गाडी ढकलत होती आणि मी मागून सीट धरून चालत होतो. वाटेत म्हणाली, पेट्रोल संपत आलंय हे सकाळी सांगायचं नाही का? मी म्हटलं, बाई, ते चालकाने बघायचं असतं.

तुझे बाबा