पहिला चढ दुसऱ्याच्या पिशवीचा

सर, एक तक्रार मांडायची आहे, आणि ती गंभीरपणे ऐकून घेणारं तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. काल माझ्या घरातून खजुराच्या बिया हद्दपार झाल्या. खटला नाही, बचावाची संधी नाही. लेक स्वयंपाकघरात मांडी घालून बसलेली, समोर वजनाचा काटा, आणि एकेक खजूर उकलून बी बाहेर. "काय गो हे?" मी विचारलं. "बाबा, बिया वाहून नेऊन घाटावर बाग लावणार आहात का?" याला शास्त्राधार सापडेना, म्हणून मीही एक खजूर उकलायला घेतला. मग मेतकुटाची काचेची बाटली गेली, माझा स्टीलचा डबा गेला, टॉवेलचा पंचा झाला. अपरिग्रहावर तुम्ही संस्कृतचा अख्खा तास बोलायचात. ही कन्या तो न बोलता आचरते, त्यामुळे त्रास जास्त होतो.

निमित्त असं, की पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं संगमेश्वराकडून घाट चढून चार दिवस डोंगरात चालणार आहोत. तंबू, चूल, जेवण, सगळं पाठीवर. तुम्ही आम्हा मुलांना न्यायचात तीच वाट. गेल्या वर्षी माझ्या हृदयाची एक नळी तुंबली आणि तिथे स्टेंट बसला. तेव्हापासून ही वाट मी मनातून काढून टाकली होती. परवा डॉक्टर म्हणाले, "खुशाल जा. फक्त बोलता येईल एवढ्याच वेगाने चाला." मी हसलो. त्यांना वाटलं, आनंदाने. तो तर होताच, पण मला तुमचा नियम आठवला होता: चढावर प्रत्येकाने मोठ्याने 'देव' शब्द चालवायचा, आणि तृतीया विभक्तीतच ज्याला धाप लागेल त्याने पाय आवरायचे. आम्ही हृदयरोगशास्त्र शिकलो ते व्याकरण समजून.

तुमच्या भावाची काजूची वखार अजून डोळ्यांसमोर आहे. आम्ही पिशव्या घेऊन रांगेत उभे आहोत, आणि तुम्ही त्या टांगत्या काट्याच्या आकड्याला एकेक पिशवी अडकवता. माझी लागते तेव्हा काटा खालीच जात राहतो. तुम्ही आत हात घालून आईने दिलेला अख्खा नारळ बाहेर काढता. "काय रे, करवंटी कोण खाणार? तू?" सगळे हसतात. मग तुम्ही समजावता, की डोंगरात पाणी फुकट मिळतं, ते घरून कशाला उचलायचं? म्हणून कुळथाचं पीठ, भाजलेले पोहे, सुकं खोबरं, आमसुलं. ओलं आणि जड ते पहिल्या दिवशी पोटात घालायचं, म्हणजे पाठ हलकी होते. आणि निघताना ती तुमची खास रीत: पहिला चढ प्रत्येकाने दुसऱ्याची पिशवी घेऊन चढायचा. "आपलं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर दिसलं की माणसाला आपोआप कळतं, काय नको होतं ते." त्या चढावर माझ्या पिशवीखाली वाकलेला मित्र मला काय काय म्हणाला, ते तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलंत.

आज सकाळी तालीम म्हणून आम्ही दोघं भरलेल्या सॅका घेऊन भगवतीच्या किल्ल्याखाली पोचलो. मी तुमची रीत सांगितली आणि हात पुढे केला. ती चटकन मागे सरली. "नको बाबा. ती परंपरा तुमच्या सरांबरोबरच राहू दे." इथेच मला संशय आला. मी तिची सॅक उचलली, आणि उचलताना तोंडातून जे निघालं ते संस्कृत नव्हतं. माझी सॅक मात्र तिच्या पाठीवर अशी, की जणू ती कोथिंबीर आणायला निघाली आहे.

पण चढलो, सर. हळूहळू, देवः देवौ देवाः करत. मागून ती ऐकत होती. एका वळणावर मी समुद्राकडे बघत थांबलो, तर लगेच, "बाबा? पुढे काय? थांबलात का?" "षष्ठी आठवत नाहीये गो," मी म्हटलं. खरं तर मिरकरवाड्याकडे परतणाऱ्या होड्या बघत होतो. छातीत काही दुखलं नाही. वर पोचलो तेव्हा इतकं हायसं वाटलं, की बुरुजाला टेकून मी उगाचच हसत सुटलो, आणि तीही.

मग मी तिची सॅक उघडली. अख्खा तंबू तिच्याकडे. चूल तिच्याकडे. मी स्वतः माझ्या सॅकमध्ये भरलेले तांदूळ आणि कुळथाचं पीठ तिच्याकडे. रक्तदाबाचं यंत्र, तेही. आणि सगळ्यात तळाला दोराचं वेटोळं. जी मुलगी खजुराची बी घेऊ देत नाही, तिच्याकडे चांगला जाड, वजनदार दोर.

"हा कशाला?"

"असाच."

तिथेच बसून वाटण्या केल्या. तांदूळ आणि पीठ मी परत घेतलं, वर चूलही. ती कुरकुरली, पण तुमचं नाव निघाल्यावर ऐकलं. दोर मात्र तिने पुन्हा तळाशी घातला. दोराच्या वेटोळ्यात माणूस बसवून पाठीवर कसा घ्यायचा, हे तिला गिर्यारोहणाच्या शिबिरात शिकवलेलं आहे. तिनेच एकदा मोठ्या हौसेने सांगितलं होतं.

तुम्ही गेल्यापासून हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि सॅकमध्ये ठेवलं तर काट्यावर चढवून ती बाहेर काढील. तेव्हा ते इथेच, घरी राहील. चढाची भीती आज गेली, सर. एवढीच राहिली आहे: वाटेत मला काही झालं, तर मला तिथे ठेवून ती मदत आणायला खाली जाणार नाही. ती मला उचलायला बघेल. जा म्हणून तिला आधीच कसं सांगायचं, ते मला जमत नाहीये.