दोन्ही पक्षी डाव्या कानाचे

प्रिय चिमणे,

पत्र बघून दचकू नकोस, मी बरी आहे. खोकला आहे, पण तो जुनाच. शिंपला ओला करूनच कापते आणि तोंडाला फडकं बांधते. हे आधीच सांगून टाकलं, नाहीतर तू पहिल्या ओळीपासून भांडायला बसशील.

सध्या डोक्यात एक किडा वळवळतोय. घर सोडून जाताना तू म्हणाली होतीस, आई, शिंपल्याचे दागिने हल्ली घालतं कोण? ते मला फार लागलं. मीही नको ते बोलले, आणि तेव्हापासून आपलं बोलणं 'बरी आहेस ना' एवढ्यावर आलं. पण तू गेलीस आणि माझी कानातली अचानक खपायला लागली! मी माल देते त्या दुकानात धूळ खात पडलेल्या जोड्यासुद्धा. आधी मी हवेतच होते. कानस चालवताना गुणगुणायचे. मग मात्र मनात पाल चुकचुकली.

कारण एकही बाई काही बोलेना. माल कितीही चांगला असो, बायका बोलतातच. हूक टोचतो, जड होतं, बहिणीसाठी अशीच जोडी द्या. दुकानदाराला विचारलं, कोण घेतं? गिऱ्हाईक घेतं, म्हणे, आणि उगाच खण उघडत-मिटत बसला. मला वाटलं, हा लबाड माझं काम दुसरीकडे नेऊन स्वतःच्या नावावर खपवतोय. मग भाजीच्या निमित्ताने मी बाजाराची गल्ली न् गल्ली पालथी घातली, बायकांच्या कानांकडे टक लावून. एकीने तर पर्स छातीशी धरली आणि पलीकडच्या बाजूला गेली. पण माझी जोडी एकाही कानात दिसली नाही.

शेवटी मी सापळा लावला. माझी पक्ष्यांची जोडी तुला ठाऊक आहे. दोन्ही पक्षी चेहऱ्याकडे बघतात, म्हणून एक डाव्या कानाचा आणि एक उजव्या कानाचा. चमक एकाच बाजूला, मागे खडबडीत तपकिरी साल, त्यामुळे उलटा करून घालायची सोय नाही. मी मुद्दाम दोन्ही डाव्या कानाचेच कोरले. आरशात बघावं तर एक पक्षी तोंडाकडे बघतोय आणि दुसरा पाठ फिरवून बसलाय. कुठलीही बाई दुसऱ्या दिवशी तणतणत आली असती. जोडी विकली गेली आणि कुणी आलं नाही. पुन्हा तशीच एक दिली, तीही गपचूप गेली.

म्हणजे घेणारी ती कानात घालतच नव्हती. मग दुकानदाराला गाठून मी एवढंच विचारलं, की त्या गिऱ्हाइकाचे कान टोचलेले आहेत का. तो बेसावध होता. नाही, म्हणाला आणि जीभ चावली.

कान सोनारानेच टोचावेत म्हणतात. तुझ्यापुढे त्यानेही हात टेकले होते. त्याच्या मनगटाला कडकडून चावून तू रस्त्याने पळत सुटलीस, आणि मागून मी, एकाच पायात चप्पल. शिंपलेवालीच्या पोरीचेच कान मोकळे, असं गल्लीतले सगळे हसायचे.

आधी मी संतापले. माझी कीव करतेस काय, कार्टे? मग बसून रडले. अगं, मी विकलं जावं म्हणून कोरत नाही, कुणाच्या तरी अंगावर दिसावं म्हणून कोरते. तुझ्याकडे कुठल्यातरी डब्यात कोंडलेले पक्षी काय कामाचे? म्हणून हे पत्र. सोबतच्या पुडीत एक पक्षी आहे, दोऱ्यात ओवलेला. तो गळ्यात घालायचा, त्याला कान टोचावे लागत नाहीत. येताना तुझा तो डबा घेऊन ये. त्यातल्या डाव्या पक्ष्यांचे उजवे जोडीदार मी कोरून ठेवलेत. आणि हो, दार उघडल्यावर मी आधी तुझा गळा बघणार आहे.

तुझीच,
संशयखोर आई