आबांची शेवटची दाढी

६ ऑगस्ट
आबांना जाऊन दोन दिवस. ताई काल सकाळी नागपूरहून पोचली, मग नेलं. ती येईपर्यंत रात्रभर आबा पौडहून आणलेल्या बर्फाच्या पेटीत. लाकडं ओली, डिझेल ओतावं लागलं. मला रडू आलं नाही. अजून नाही.
आई जेवत नाही. सुतक म्हणून शेजारच्या पारूकाकू पिठलं-भाकरी आणून देतात, ती तशीच झाकलेली. आज खोदून विचारलं तर म्हणाली, "त्ये जित्ते होते. जित्त्या मानसाला आपन बर्फात घातलं, आन् वर जाळलं."

७ ऑगस्ट
आईचे पुरावे. पेटीत ठेवताना आबा कण्हले. झाकणाची काच धुरकटली, म्हणजे आत श्वास चालू. आणि मी संध्याकाळी दाढी केलेली असून सकाळी झाकण काढल्यावर तिच्या हाताला गालावर खुंट लागले. "मेल्या मानसाची दाढी वाढती व्हय रं, अनंता?"
आठवी-नववीला विज्ञान शिकवतो, तसंच शिकवलं. छातीत उरलेली हवा, माणूस हलवला की गळ्यातून निघते, आवाज येतो. काच बाहेरून धुरकटली होती, मीच टॉवेलनं पुसत होतो. आपल्या ताम्हिणीच्या हवेत गार तांब्याला पण पाणी सुटतं. एवढं तिनं ऐकून घेतलं.
दाढी. केस वाढत नाहीत. कातडी सुकून आकसते, आतले खुंट वर दिसतात. चिखल वाळून बसला की गोठ्यातली खुंटी उंच दिसते, तसं.
"येका रातीत एवढी?"
हो म्हटलं.

८ ऑगस्ट
एवढी नाही दिसत. त्यातून थंडीत सगळं सावकाश होतं.
लिहून टाकतो. मी दाढी केलीच नव्हती.
आई म्हणाली होती, "चार दिसाची वाढलीया, अशी नगं न्यायला. न्हाव्याला नगं, तू कर." दार लावून बसलो. पाणी कोमट केलं होतं. ब्रश भिजवला. जबड्याला बांधलेली पट्टी सोडली तसं आबांचं तोंड उघडलं. अंग ताठायला अजून वेळ आहे, हे मला माहीत होतं. माहीत असून काही उपयोग झाला नाही. पट्टी परत बांधली, पाणी मोरीत ओतलं, बाहेर येऊन सांगितलं, झाली. पट्टीनं निम्मे गाल झाकलेले, वर काच धुरकट. कोण बघतंय.
विज्ञान सगळं खरं सांगितलं आणि खोटं पचवायला वापरलं. लाज वाटते. बाकी काही वाटत नाही.
सांगितलं की आईची भीती जाईल. एवढंच तर करायचंय.

११ ऑगस्ट
सांगायला गेलो. ताई आईला पेज भरवत होती. मी बोलायच्या आत आईच तिला म्हणाली, "येवढं येक बरं झालं बाई. परक्याचा हात न्हाई लागला. लेकानं केली बापाची दाढी." आणि अर्धी वाटी पेज प्यायली. सात दिवसांत पहिल्यांदा.
ती पिऊन होईपर्यंत थांबलो. मग उठलो.
मु.अ.चा फोन, चाचणीचे पेपर कधी तपासून देताय. देतो म्हटलं.

१३ ऑगस्ट
दहावा. नदीवर न्हाव्यानं माझं डोकं केलं, दाढी केली. दाढीला दोन मिनिटं लागली.
कावळा शिवेना. पारूकाकूंचे मालक म्हणाले, "काय ऱ्हायलं आसंल मनात तर बोल की. बापाला सांग." सगळे ऐकत उभे. म्हटलं, आईला सांभाळीन. इतक्या पावसात कावळा येतोय कशाला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवला.
घरी आईनं विचारलं, शिवला का. या बाबतीत खरं ते सांगितलं. "कसा शिवंल," म्हणाली. रात्री पेज घेतली नाही.

१७ ऑगस्ट
काल तेरावं उरकलं, आज ताई गेली. जाताना म्हणाली, "काहीही कर, पण तिला खायला लाव." आई उठताना भिंत धरते. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस बघू, नाहीतर पौडला ॲडमिट करू.

१८ ऑगस्ट
दुपारी आई भिंतीला धरत पडवीत माझ्यासमोर येऊन बसली.
"दाढी करताना काय काय झालं त्ये समदं सांग मला. गाल गार हुता का ऊन? पातं लावलं तवा कातडं हाललं का? तू मास्तर हायेस, तुला कळलं आसंल. तू म्हनशील त्ये मी मानीन, आन् भाकर बी खाईन."
म्हटलं, पाणी कोमट केलं.
"मग?"
ब्रश भिजवला.
"मग?"
पट्टी सोडली, म्हटलं. इथपर्यंत सगळं खरं होतं. आई माझ्या हातांकडे बघत होती.
"मग?" म्हणाली.