काकांच्या कानाचं मशीन

सोमवार, ३ तारीख
आले बाई एकदाची नव्या कामावर! स्वतंत्र खोली, खिडकीला पडदा, आणि सांभाळायचं माणूस एकच: ताईंचे वडील. मी त्यांना काका म्हणते. पूर्वी शिंपी होते. मला बघताच म्हणाले, ब्लाउज एका खांद्यावर उतरलाय. खट आहे म्हातारा, आमचं जमणार. कानांना मशीन आहे, तेवढीच जोखीम. ताईंनी सगळं दाखवलं. झोपताना काढायचं, सेलचं झाकण उघडायचं, ब्रशने मळ झाडायचा, ओल धरू नये म्हणून डबीत ठेवायचं. पाणी लागलं की कामातून गेलं. सकाळी कानात बसवल्यावर तळहात जवळ नेला की ते कुंई करतं. वाजलं म्हणजे चालू आहे.

गुरुवार, ६
काका खुर्चीत एकटे, मी समोर भाजी निवडत होते, आणि उजवं मशीन आपलं आपणच कुंई-कुंई. मळ काढला, टोकाचं रबर बदललं, आवाज कमी केला. तरी तेच. शेवटी मशीनवाल्याला फोन केला. तो म्हणाला, नीट बसलं असेल तर कानाशी कुणी तोंड नेल्याशिवाय वाजायचं नाही. म्हटलं, अहो, इथे आहे कोण तोंड न्यायला? तो हसला, मीही हसले.

शनिवार, ८
काका जेवत नाहीत. ताट सरकवतात. विचारलं तर डाफरले, तूच तर कानात सांगतेस जेवू नका म्हणून. मी? मी स्वयंपाकघरात होते हो!

रविवार, ९
मशीन वाजलं की काका ओठ घट्ट मिटतात. काढू म्हटलं तर दोन्ही हातांनी कान धरतात, झोपतानाही काढू देत नाहीत. ताई घरी होत्या. त्यांच्यासमोर मी दोन्ही हात टेबलावर ठेवून बसले, तर मशीन नेमकं चिडीचूप. काकांनी त्यांनाही सांगितलं, हीच कानात जेवू नका म्हणते. ताई म्हणाल्या, बाबा खोटं बोलत नाहीत, परवापासून दुसरी बाई येईल. सांगणार तरी काय?

सोमवार, १०
ताई ऑफिसला. डॉक्टर संध्याकाळी येणार. कालपासून काकांच्या पोटात पाण्याचा थेंब नाही, ओठ फुटलेत. दुपारी डुलकी लागली तशी हळूच उजवं मशीन काढून घेतलं. जागे झाले आणि आपणहून तोंड उघडलं! दोन चमचे पाणी घेतलं. मला रडूच आलं.

तीन वाजता
काय दुर्बुद्धी झाली. मशीन पुसलं आणि चालतंय का बघायला माझ्याच कानाला लावलं. आधीच्या घरी आजींचं मशीन असंच तपासायचे, ती सवय —
माझाच आवाज. अगदी माझा. म्हणाली, पुरे. आता पाणी देऊ नको.
मशीन काढलं. सेल काढला. तरी ऐकू —

साडेतीन
काका तोंड उघडून बघताहेत. चमचा भरलेला आहे. हात उठत नाही. पेन उचलतो, चमचा नाही. अरे देवा, लिहिता येतंय तर मग —
खुणेने मागताहेत. देते, काका. देते हो. ती म्हणते —